पायगुडेबाईंच्या वहीतले फाऊल

आमच्या सहकारनगरच्या बागेत संध्याकाळी साडेपाचनंतर ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द उच्चारायचे नाहीत. उच्चारले की शिट्टी वाजते. अशीतशी नाही, मैदानावरची, कानाच्या पडद्याला चिमटा काढणारी शिट्टी. कबुतरं उडतात, घसरगुंडीवरचं पोर निम्म्यात अडकतं आणि बाकावरचे पाच ज्येष्ठ नागरिक बारा औषधांसकट दचकतात.

“फाऊल,” पायगुडेबाई म्हणतात. “पुरावा?”

पुरावा कुणाकडेच नसतो, म्हणून जो तो आपली एखादी जुनी गोष्ट सांगून टाकतो. मग बाई कापडी पिशवीतून एक लांबोडकी वही काढतात, मीच बनवून दिलेला चष्मा नाकावर चढवतात आणि ज्याने फाऊल केला त्याचं नाव आणि त्याचं सगळं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेतात. वाक्य लिहून होईपर्यंत पुढे बोलायची कुणाची छाती नाही. माझी तर नाहीच. मी चष्म्याचं दुकान चालवतो, वय त्रेपन्न, आणि बाईंच्या वहीत माझे नऊ फाऊल आहेत.

पायगुडेबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. उंची पाच फुटांना दोन इंच कमी. सुती साडी, तिच्याखाली पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात मंगळसूत्र असायच्या जागी काळ्या गोफात शिट्टी. मुलींच्या शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं पी.टी. शिकवली आणि उरलेल्या वेळात खो-खोच्या सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिल्या. लग्नाबद्दल कुणी विचारलं तर “वेळापत्रकात बसलं नाही,” एवढंच म्हणतात. आमच्या सोसायटीत त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. लिफ्ट नाही. त्या मजल्यापर्यंत त्या माझ्या आधी पोचतात.

आता त्यांचा आणि ‘आमच्या वेळी’चा काय वाद? मी एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, “दर वर्षी शाळेच्या स्पर्धांना जुन्या मुली यायच्या आणि म्हणायच्या, बाई, हल्लीच्या मुलींत दम नाही हो. दर वर्षी. पस्तीस वर्षं. त्या हिशेबाने शेवटच्या वर्षीच्या मुलींना उभंसुद्धा राहता यायला नको होतं. माझं स्टॉपवॉच मात्र वेगळंच सांगायचं. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी आधीच्यांपेक्षा जास्त वेळ टिकायची.”

“मग तुम्ही जुन्या मुलींना ते सांगायचात?”

“सांगायची. मग त्या म्हणायच्या, घड्याळ बिघडलं असेल.”

तर अशा या बाईंच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, दीड वर्षापूर्वी तीन मुली भाड्याने राहायला आल्या. एक यवतमाळची श्रुती, बाकी दोघी नांदेडच्या मावसबहिणी. तिघी हिंजवडीला नोकरीला. पाठीवर लॅपटॉपची सॅक, कानात सदैव ती पांढरी बोंडं आणि दाराबाहेर चपला-बुटांचं असं संमेलन, की पाय ठेवायला जागा शोधावी लागते. जेवण कधी त्यांच्याकडून वर बाईंकडे जातं, कधी त्यांच्यासाठीच दुचाकीवरून येतं. खालच्या मजल्यावरचे भागवत हे आमचे चेअरमन. सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. मुली आल्यापासून ते जिन्यात उभं राहून चपला मोजू लागले.

त्यात आली सकाळची शिट्टी. मुली राहायला येऊन महिना झाला असेल, रोज सकाळी सहा-चाळीसला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून शिट्टी वाजू लागली. एक लांब, दोन आखूड. लगेच दुसऱ्या मजल्यावरून हाक यायची, “उठलो, बाई.” पहिल्या दिवशी मी पलंगावरून जवळजवळ पडलो. वर जाऊन तक्रार केली तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितलं, “त्या मुलींना जाग येत नाही. सव्वासातला स्वारगेटहून त्यांची कंपनीची बस आहे. त्यांनीच मला विनंती केली.”

भागवतांना हे कळलं आणि त्यांना हवं होतं ते मिळालं. बागेतल्या कट्ट्यावर त्यांनी तोंडसुख घेतलं. चोवीस-पंचवीस वर्षांच्या घोड्या, पगार आपल्या पेन्शनच्या दुप्पट, आणि उठवायला सत्त्याहत्तर वर्षांची बाई लागते. या पिढीचं पुढे काय होणार, आमच्या वेळी आम्ही कोंबड्याच्या आधी... शिट्टी वाजली. वही निघाली. भागवतांनी तेवढ्यापुरतं तोंड मिटलं, पण डोक्यातला विचार मिटला नाही.

वर्षभर तो तसाच धुमसत राहिला, आणि मग एक अर्ज फिरला. सोसायटीत अविवाहित भाडेकरू ठेवू नयेत, आणि असलेल्यांना महिन्याभरात जागा सोडायला सांगावं, असा ठराव रविवारच्या सभेत आणायचा. भागवत दारात अर्ज घेऊन उभे राहिले तेव्हा मी दाढी करत होतो. फेस लागलेल्या तोंडाने मी सही केली. का केली? खरं सांगायचं तर शिट्टीमुळे झोपमोड होत होती. आणि एकदा श्रुतीला जिन्यात मी नमस्कार केला होता, तिने कानातल्या बोंडांमुळे तो ऐकला नव्हता. माणूस एवढ्याशा कारणांवर दुसऱ्याला घराबाहेर काढायला तयार होतो, हे मला त्या दिवशी कळलं नाही. रविवारी कळलं.

रविवारी दहाला पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मुलींचे घरमालक परगावी असल्यामुळे त्यांच्याऐवजी त्या तिघी मागे, पाण्याच्या पंपाजवळ, हाताची घडी घालून उभ्या होत्या. श्रुतीने कानातली बोंडं काढून मुठीत धरली होती. भागवतांनी ठराव वाचला आणि मग भाषण केलं. येण्याजाण्याला वेळ नाही, मोठ्यांचा मान नाही, एका घरात तीन जणी, चपलांचा ढीग, बाहेरचं खाणं, आणि सकाळी उठायला शिट्टी.

“कुणाला काही बोलायचं आहे?”

शिट्टी वाजली. पार्किंगमध्ये ती बागेच्या तिप्पट वाजते.

पायगुडेबाई उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या तरी बसलेल्या भागवतांएवढ्याच. पिशवीतून वही काढली, पानं चाळली.

“भागवत. फाऊल क्रमांक अकरा,” त्या वाचू लागल्या. “‘आमच्या वेळी आम्ही सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर सहा जण एका खोलीत राहायचो. मालक दहाला दार लावायचा, आम्ही सिनेमा पाहून मोरीच्या खिडकीतून आत शिरायचो. एकदा मालकिणीने गच्चीवर वाळत घातलेले पापड आम्ही एका बैठकीत संपवले. काय दिवस होते.’” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “‘काय दिवस होते’ हे तुमचेच शब्द. मी माझ्या मनाचं काही घातलेलं नाही.”

सभेत पहिलं हसू फुटलं ते भागवतांच्या पत्नीचं. पापडांची गोष्ट त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात कळली नव्हती.

भागवत म्हणाले की हा विषय नाही, सभा भरकटते आहे. बाई थांबल्या नाहीत. एकेकाचं नाव घेऊन त्या वाचत गेल्या. कुणी वसतिगृहाच्या खोलीत स्टोव्ह लपवून अंडी उकडली होती, कुणी बिनतिकीट लोणावळ्याला जाऊन आलं होतं. सगळं स्वतःच्या तोंडाने, कट्ट्यावर, छाती फुगवून सांगितलेलं. हल्लीच्या मुलांना मजा कशी करायची तेच माहीत नाही, हे सिद्ध करण्यासाठी. आम्ही वर्षभर बाईंच्या हाती आमच्याविरुद्धचे जबाब देत होतो, आणि वर विचारत होतो, लिहिलं ना नीट?

मग वही माझ्याकडे वळली. कॉलेजात आम्ही चौघांनी सरांची स्कूटर उचलून दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली होती, ती गोष्ट. वाचून झाल्यावर बाईंनी वही मिटली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “तुमचा चिरंजीव बंगळुरात कुठे राहतो हल्ली?”

“भाड्याने,” मी म्हणालो.

“कुणाबरोबर?”

“तिघं मित्र आहेत.”

“लग्न झालंय त्यांचं?”

मी खाली पाहिलं. पार्किंगच्या फरशीवर ऑइलचा एक डाग आहे, त्याचा मी बराच वेळ अभ्यास केला.

शेवटी बाई पुन्हा भागवतांकडे वळल्या. “पापड खाल्ल्यावर मालकाने तुम्हाला काढलं का?”

भागवतांनी हातातल्या ठरावाची घडी घातली. मग म्हणाले, “नाही.”

“का नाही काढलं?”

“मालक काढणारच होता. मालकीणबाई मध्ये पडल्या.” भागवतांचा आवाज खात्यातला राहिला नव्हता. “म्हणाल्या, पोरं आहेत. पुढच्या वर्षी मी पापड जास्त करीन.”

ठरावाच्या बाजूने एकही मत पडलं नाही. भागवतांचा स्वतःचा हात खांद्यापर्यंत वर आला, तिथे त्याने जरा खाजवलं आणि खाली गेला.

गोष्ट इथे संपती तर मी ती लिहिली नसती. बागेत सांगून टाळ्या घेतल्या असत्या. पण सोमवारी संध्याकाळी भागवत कट्ट्यावर बाईंशेजारी येऊन बसले. रागाने नाही, जरा थकल्यासारखे. म्हणाले, “बाई, ठराव पडला, ठीक आहे. पण एक सांगतो. तुम्ही त्यांच्यासाठी एवढं भांडलात, उद्या तुम्ही घरात पडलात तर त्यांच्या कानातली बोंडंसुद्धा निघायची नाहीत. तेवढी ओढ आता कुणाला नसते.”

मी शिट्टीची वाट पाहिली. ती वाजली नाही. बाईंनी नुसती पिशवी उचलली आणि घरी गेल्या.

बुधवारी सकाळी मला आपोआप जाग आली. सहा-चाळीस होऊन गेले होते आणि इमारतीत शांतता होती. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. धडाधडा, दोन-दोन पायऱ्या गाळत, वरच्या दिशेने. मी दार उघडून मागे धावलो.

तिसऱ्या मजल्यावर तिघी बाईंच्या दारात होत्या. एकीच्या तोंडात टूथब्रश तसाच, दुसरीने अर्धी वेणी हातात धरलेली, आणि श्रुती अनवाणी, कुलपात किल्ली घालायचा प्रयत्न करणारी. किल्ली लागत नव्हती, कारण घाईत ती उलटी धरली होती. दार आतून उघडलं. बाई उभ्या होत्या. केस विंचरलेले, साडी नीट, पायात बूट, गळ्यात शिट्टी.

“शिट्टी बिघडली,” बाई म्हणाल्या.

श्रुती तिथेच पायरीवर बसली. तिला धाप लागली होती. “बाई, असं नका करत जाऊ ना,” ती म्हणाली. “जीव गेला ना आमचा.”

“बस चुकेल तुमची,” बाई म्हणाल्या आणि आत वळल्या. आणि त्या दिवशी बस चुकलीच.

खाली उतरताना मी श्रुतीला विचारलं, तुमच्याकडे किल्ली कशी? ती म्हणाली, “बाईंनीच ठेवायला दिली. दीड वर्ष झालं, काका, आमच्याकडे खिळ्यालाच टांगून असते.”

“पण जाग कशी आली तुम्हाला? शिट्टी नव्हती.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की चष्मेवाल्यालाच दिसत नाही की काय. “काका, आम्ही तर साडेपाचलाच उठतो. डबा कोण बनवेल मग? फोनमध्ये तीन-तीन अलार्म लावून राहिलो. बाईंना सांगितलं, जाग येत नाही म्हणून. नाही तर त्या ठीक आहेत की नाहीत, रोज कसं विचारायचं? आवडलं नसतं ना त्यांना.” मग हळूच म्हणाली, “तुम्ही सांगू नका हं.”

मी दुकानात गेलो, पण त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले.

दुपारी बाई दुकानात आल्या. काउंटरपाशी उभ्या राहिल्या आणि गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करू लागल्या. म्हणून मी म्हटलं, “शिट्टी द्या, बघतो. आमच्याकडे बारीक स्क्रू-ड्रायव्हर असतो.” त्यांनी गोफ गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. मी शिट्टी हलवून पाहिली, आतली गोळी मोकळी होती. वाजवून पाहिली. ती अशी खणखणली, की बाहेर रस्त्यावरचा रिक्षावाला ब्रेक लावून इकडेतिकडे बघू लागला.

“चांगली आहे की,” मी म्हणालो.

बाईंनी पिशवीतून वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्यापुढे फिरवली. मजकूर त्याच सकाळचा, पण अक्षर नेहमीसारखं ठाम नव्हतं.

‘बुधवार. पायगुडे. भागवतांचं ऐकून शिट्टी मुद्दाम वाजवली नाही. तिघी धावत वर आल्या. श्रुती अनवाणी. जाग येत नाही ही त्यांची थाप मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी पुरावा मागितला. फाऊल माझा.’

मी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, “भागवतांना दाखवू? निदान त्यांचं तोंड बंद होईल.”

“नाही.” बाईंनी वही पिशवीत घातली, शिट्टी गळ्यात अडकवली. “त्यांना सांगा, शिट्टी बिघडली होती.”

“पण पुरावा तर आपल्या बाजूचा आहे, बाई.”

“आहे ना,” त्या म्हणाल्या. “तो मागायचाच नव्हता.”

आणि त्या पायऱ्या उतरून भर दुपारी रस्त्याला लागल्या. कडेला थांबणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी पंचासारखा एक हात वर केला, आणि स्वारगेटकडे निघालेली अख्खी बस पांढऱ्या बुटांसमोर गुमान थांबली.