गार पाय

लग्नाला बारा दिवस उरले असताना मुलीचा मेसेज आला : ‘बाबा, मला कोल्ड फीट आलेत. आईला सांगू नका.’

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. तीस वर्षं ते गिऱ्हाइकांकडून इंग्रजी अक्षरं वाचून घेत आले होते, पण शब्दांशी त्यांचा फारसा संबंध कधी आला नव्हता. कोल्ड म्हणजे गार आणि फीट म्हणजे पाय, एवढं मात्र त्यांना येत होतं. पोरीचे पाय गार पडलेत आणि ती आईपासून लपवतेय, या विचाराने त्यांनी हातातली काच खाली ठेवली.

केव्हापासून, असं त्यांनी लगेच विचारलं. लग्न ठरल्यापासून, असं उत्तर आलं. झोप लागते का? नाही. ‘गरम पाण्यात पाय बुडवून बस,’ असं त्यांनी कळवलं. उत्तर आलं : ‘बाबा, थट्टा नको ना.’

शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर घाईत होते. रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, रक्ताभिसरणही असू शकतं, तपासून घ्या, म्हणाले. बाबांनी रक्ताभिसरण तेवढं लक्षात ठेवलं आणि दुकान अर्ध्या दिवसात बंद केलं. मुलीचं दुखणं सासरच्यांपासून लपवून लग्न उरकायचं, हे काही त्यांच्या मनाला पटेना. ते थेट होणाऱ्या जावयाच्या ऑफिसात गेले. जावई नकाशे काढायचे. टेबलभर कागद पसरले होते.

“तुम्हाला अंधारात ठेवणं बरं नाही,” बाबा खाली बघत म्हणाले. “तिला कोल्ड फीट झालेत. लग्न ठरल्यापासून.”

जावयांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “मलाही.”

बाबांनी वाकून त्यांच्या बुटांकडे पाहिलं. “तुम्हालाही? साथबीथ आलीय की काय?”

मग जावयांनी हळूच अर्थ सांगितला. ऐन वेळी धीर सुटणं, पाऊल मागे घ्यावंसं वाटणं. मुलीने विश्वासाने सांगितलेलं गुपित बाबा ज्याला सांगू नये नेमकं त्यालाच सांगून बसले होते. लग्न मोडलं तर ते आपल्याच तोंडाने मोडलं असणार होतं.

जावई फोन घेऊन जिन्यात गेले. पाऊण तास बाबा नकाशावरची एक नदी बोटाने वर-खाली गिरवत बसले. मध्येच जिन्यातून हसणं ऐकू आलं, तेव्हा त्यांना जास्तच भीती वाटली.

दोघं एकमेकांशी खरं असं पहिल्यांदाच बोलली होती. लग्न करायचं ठरलं, पण तीन महिन्यांनी. तोवर ओळख वाढवायची. आईला कोण सांगणार, या प्रश्नावर दोघांचंही उत्तर एकच होतं : बाबा.

बायको संध्याकाळी भाजी निवडत होती. बाबांनी अडखळत सगळं सांगितलं आणि आता भडका उडणार म्हणून खुर्ची जरा मागे ओढली.

“बरं झालं बोलली,” ती शांतपणे म्हणाली. “मलाही आपल्या लग्नाच्या वेळी तसंच झालं होतं. मी कुणाला सांगितलं नाही, एवढंच.”

मग नंतर काय झालं, कधी बरं वाटलं, हे बाबांना विचारायचं होतं. पण ते उठले आणि तिच्यासमोर बसून निमूटपणे भाजी निवडू लागले.