किसनदादांची पंगत

सत्तेचा निकाल शेवटी शस्त्रानंच लागतो, असं इतिहासाचा मास्तर म्हणून मी नगरच्या पोरांना बरीच वर्षं शिकवलं. माझे शेजारी किसनदादा मात्र उपाशी माणसाला हात लावत नसत.

सीना नदीकाठच्या हातभट्ट्या दादांच्या टोळीच्या होत्या. परक्या टोळीचा माणूस त्यांच्या हद्दीत दारू विकताना सापडला, की त्याला दादांच्या ओट्यावर आणत. दादा विचारत, "जेवला का?" तो "न्हाई" म्हणाला, की आधी भाकरी-कालवण मिळे आणि मग मार. दुष्काळाचं साल होतं. ही कीर्ती पसरल्यावर काही जण मुद्दाम सापडू लागले.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दादा चुलीपुढे बसून तव्यावरूनच खात. घरात ताट एकच. पण खंडेनवमीला टोळीतले सगळे आपली हत्यारं पूजेला त्यांच्या घरी ठेवत, दसऱ्याला पुरणपोळी जेवत आणि संध्याकाळी सोनं वाटून झालं की आपापलं हत्यार घेऊन जात. तेवढ्यापुरते दादा माझ्या दारात येत. "मास्तर, ताटं." चेहरा असा, की घरात लेकीचं लग्न आहे.

त्या वर्षी बबननं दादांना हटवायचं ठरवलं. बबन म्हणजे दादांचा उजवा हात. "म्हातारा मऊ पडलाय. धंदा करतोय का खानावळ चालवतोय?" असं तो उघड म्हणे. कटाची बातमी गल्लीत सगळ्यांना होती, पोलिसांनाही असावी. मुहूर्त धरला दसऱ्याच्या सकाळचा.

घोटाळा एवढाच झाला, की कटवाले भाविक होते. आदल्या दिवशी त्यांनी गुप्त्या, सुरे नेमानं दादांच्या घरी पूजेला ठेवले. एकानं सायकलच्या चेनला झेंडूही वाहिला. दसऱ्याला उठाव आला तो रिकाम्या हातांनी. हत्यारं आतल्या खोलीत, आणि दारात पळी घेऊन दादा.

"दादा, आमची हत्यारं द्या," बबन म्हणाला.

"कशाला रं?"

"तुमाला काढायचंय."

"जेवला का?"

बबननं मानेनंच नाही म्हटलं.

"मग बस की. सोनं वाटल्याबिगर पूजेतलं हत्यार उचलत्यात व्हय?"

उठाव पंगतीला बसला. तूप सढळ होतं. दुपारभर तो ओट्यावर घोरत पडला.

संध्याकाळी दादांनी सगळ्यांना उठवून सोनं दिलं आणि हत्यारं पुसून ज्याची त्याला परत केली. बबनची गुप्ती शेवटी. "घे. धंदा तुझा. पंगत मातर हितं ऱ्हाऊ दे. तेवढी काढू नगंस."

पुढच्या वर्षापर्यंत टोळी फुटली. तेव्हा देशभर पक्ष फुटायची पद्धतच होती. बबन आणि टोळीतलाच गणपत असे दोन दादा झाले. खंडेनवमीच्या सकाळी किसनदादा माझ्या दारात आले, पण ताटं मागेनात.

"ताटं ना? किती देऊ?"

"द्या दोन-चार. आता कोन येतंय, मास्तर? हातात कायबी न्हाई."

दुपारपर्यंत दोन्ही गट आले. एकमेकांच्या घरात हत्यार ठेवण्याइतका विश्वास कुणाचा कुणावर उरला नव्हता. देवाच्या डावीकडे बबनच्या गुप्त्या, उजवीकडे गणपतच्या.

दसऱ्याला माझ्या घरातली होती नव्हती ती ताटं नेली, तरी पंगतीला कमी पडली. शेवटी दादांनी बबन आणि गणपत या दोघांना आपल्या एकुलत्या ताटात वाढलं आणि स्वतः तव्यावरून जेवले.