धैर्यशील खोचरे यांच्या छातीची हरकत

धैर्यशील खोचरे याच्या छातीने ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही करायला नकार दिला, त्याला आता पाऊण तास होऊन गेला होता आणि भांडण काही थांबायचं नाव घेत नव्हतं.

"माझ्या अंगावर बसून मलाच नियम शिकवता?" धैर्यशील विचारत होता.

"अंगावर नाही मालक, अंगात," डावी बाजू म्हणाली. "अंगावर असतो तर शर्टाबरोबर खुंटीला टांगून मोकळे झाला असता."

आवाज एक शर्ट आणि दोन बनियनांतून गाळून येत होता, म्हणून घाटगे सिस्टर टेबलावर पुढे वाकून लिहून घेत होत्या. उजवी बाजू बोलत नव्हती. ती स्वभावानेच अबोल. डावीचं म्हणणं पटलं की नुसती हलायची, आणि सिस्टर समोर 'सहमत' असं लिहायच्या.

हॉस्पिटलचा नियम सरळ होता. शंभर ग्रॅमच्या वर भरणारं काही अंगातून काढायचं, तर आधी त्याला विचारायचं. अपेंडिक्सला कुणी विचारत नाही, ते हलकं. मुतखड्याला पाहुणा धरतात. पण धैर्यशीलच्या छातीच्या दोन्ही बाजू मिळून चारशे ग्रॅमच्या वर जात होत्या आणि तो आठवीत असल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, इथेच मुक्कामाला होत्या. त्यांचा हक्क पक्का होता. गेल्याच महिन्यात पाठीवरच्या एका चरबीच्या गाठीने सही करायला तीन दिवस घेतले होते, तेव्हा डॉ. उपाध्यांना या गोष्टीचं नवल नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.

ते म्हणाले, पुरुषांत अशी वाढलेली छाती खूप जणांना असते, बोलत कुणी नाही एवढंच. रक्ताच्या तपासण्या झाल्या आहेत, त्यात काही निघालेलं नाही. पेशंटला पूर्ण भूल देणार. बाजूला बारीक छेद घेऊन नळीने चरबी ओढून घेणार, मग स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने छोटा छेद देऊन आतली गाठ काढणार. दीड-दोन तासांचं काम. पाणी साचू नये म्हणून दोन दिवस नळ्या राहतील. पुढे दीड महिना घट्ट जॅकेट, झोपायचं उताणं, वजन उचलायचं नाही. सूज उतरायला काही महिने जातील. मधल्या काळात जागा बधिर वाटेल आणि व्रण हळूहळू पुसट होतील.

डावीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि आम्ही कुठं जाणार?"

हा प्रश्न वाजवी होता. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ बरणीतून तपासणीला जाते आणि चरबी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून.

"म्हणजे आम्हाला वेगळं वेगळं पाठवणार," डावी म्हणाली.

उजवी हलली. सिस्टरनी लिहिलं, सहमत, दुःखाने.

यावर अर्धा तास गेला. शेवटी डॉक्टरांनी कबूल केलं की बरणी आणि पिशवी लिफ्टपर्यंत एकाच ट्रॉलीवरून जातील. डावीने ते मान्य केलं. आता तरी सही होईल म्हणून धैर्यशीलने पेन पुढे केलं, तर डावी म्हणाली की ही झाली किरकोळ बाब, मूळ हरकत वेगळीच आहे.

"आम्हाला जायचंय मालक. राहायचा हट्ट नाही. तुम्ही फाउंड्रीत भट्टीजवळ उभे राहून साचे तपासता, तेही दोन बनियन घालून. आमचा जीव आत उकडून निघतो. पण जायच्या आधी एकदा, एका तरी माणसानं आम्हाला बघावं आणि बघून हसू नये. तेवढं झालं की सही."

धैर्यशील म्हणाला, हे व्हायचं नाही. तो गप्पच बसला असता, पण सिस्टर लिहीत होत्या म्हणून त्याला कारण द्यावं लागलं. आठवीत शाळा पोहायला विहिरीवर गेली होती. त्याने शर्ट काढला आणि पीटीच्या मास्तरांपासून मॉनिटरपर्यंत सगळे हसले. त्यानंतर त्याने कुणासमोर शर्ट काढला नाही. दर उन्हाळ्यात दोस्त विहिरीत उड्या मारायचे आणि हा काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचा. आता मार्गशीर्षात लग्न. हळदीला उघड्या अंगाने पाटावर बसायचं, चार वहिन्या आणि सहा चुलत बहिणी हळद चोळणार. त्याला सपाट छातीने त्या पाटावर बसायचं होतं. तुम्ही गेलात की मी शर्ट काढीन, तो म्हणाला.

"आणि तुम्ही शर्ट काढलात की आम्ही जाऊ," डावी म्हणाली.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. ऑपरेशनचं टेबल तीन वाजेपर्यंतच राखून ठेवलेलं होतं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि खाकी गणवेशातली एक तरुणी हातात हॉस्पिटलची नोटीस घेऊन आत आली. ही हेमांगी सुतार, एसटीत कंडक्टर आणि धैर्यशीलची होणारी बायको. अर्जात 'संबंधित व्यक्ती' असा एक रकाना होता. धैर्यशीलने तो कोरा सोडला होता. डावीने भरला होता.

धैर्यशीलने तिला सांगितलं होतं की कंपनी आठवडाभर पुण्याला ट्रेनिंगला पाठवते आहे. तो खुर्चीवरून उठला, पुन्हा बसला आणि पुण्याची गाडी चुकली असं काहीतरी बोलला. हेमांगीने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने स्टूल ओढलं, तिकिटाचं मशीन मांडीवर घेतलं आणि सिस्टरनी लिहिलेलं सगळं पहिल्या ओळीपासून वाचून काढलं. मग तिने शर्टाकडे बघून विचारलं, "माझं काय काम होतं?"

"ताई, खरी तक्रार तुमच्याबद्दलच आहे," डावी म्हणाली. "साखरपुड्यात मालक अंगठी घालायला पुढं वाकले आणि तुम्ही हसलात. तोंडावर पदर धरून. आम्ही समोरच होतो."

"गप्प बसा," धैर्यशील स्वतःच्या शर्टाला म्हणाला.

"दोन महिने झाले, मालक नीट जेवत नाहीत. ते हसणं आठवतात आणि कूस बदलतात. आज आम्ही गेलो नाही तर संध्याकाळी तुमच्या घरी येऊन लग्नाला नाही म्हणणार आहेत. काय बोलायचं ते आरशासमोर पाठ केलंय. चांगलं जमलंय, पण आम्हाला ते पटत नाही."

उजवी जोरात हलली. धैर्यशील टेबलाची कड घट्ट धरून खाली फरशीकडे बघत होता. डॉक्टर म्हणाले की हा कौटुंबिक विषय आहे. सिस्टर म्हणाल्या की कौटुंबिक असो नाहीतर कसाही, कलम सातप्रमाणे संबंधित व्यक्तीला एकदा उत्तर देता येतं, एकदाच, आणि ते शब्दशः लिहून घ्यावं लागतं. त्यांनी नवीन पान काढलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. डावीने सही केली. उजवीने "बरं" असं म्हणून अंगठा उठवला. तो कुठून उठवला हे सिस्टरनी नोंदवलं नाही, कारण तसा रकाना नव्हता. टेबल पावणेतीनला लागलं. बरणी आणि पिशवी लिफ्टपर्यंत एका ट्रॉलीवरून गेल्या आणि वाटेत कुणी भांडलं नाही. धैर्यशीलने दीड महिना जॅकेट घातलं, उताणा झोपला, पाण्याची घागरसुद्धा उचलली नाही. मार्गशीर्षात तो उघड्या अंगाने पाटावर बसला तेव्हा उजवीकडची जागा अजून थोडी बधिर होती, म्हणून तिथे हळद लागल्याचं त्याला नंतर आरशात बघून कळलं. वहिन्या हसल्या, बहिणी हसल्या, तोही हसला, हळदीला हसतातच.

पण भांडण मिटलं ते ऑपरेशनच्याच दिवशी, दोन वाजून चाळीस मिनिटांनी, नव्या पानाच्या पहिल्या ओळीवर. हेमांगीला सव्वातीनची गारगोटी गाडी काढायची होती. ती उभी राहिली, मशीन खांद्याला लावलं, शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "बघायला आलात तेव्हा मीसुद्धा तुम्हा तिघांना नीट बघून घेतलं होतं आणि न हसता हो म्हटलं होतं, साखरपुड्यात हसले ती, भर मे महिन्यात कोटातून घाम गळत असताना हा गडी 'कोट काढा' म्हणणाऱ्या गुरुजींना 'मला जरा थंडी वाजते' म्हणाला म्हणून."