घरच्या चपला

आमच्या लालबागच्या इमारतीतले दत्तूकाका पेडणेकर माणसं मोजत नाहीत, चपला मोजतात. गणपतीत त्यांच्याकडे दर्शनाला कोण कोण आलं, हे त्यांना कधीच सांगता येत नाही. दाराबाहेर किती जोड लागले, ते मात्र आरती झाली की बिनचूक सांगतात. "नाव कशाला विचारायचं? आला, पाया पडला, प्रसाद घेतला, गेला. घरच्या चपला धरायच्या नाहीत. एकदम सोप्पं आहे!"

काका "एकदम सोप्पं आहे" म्हणाले की समजावं, आता डोकं धरून बसायची वेळ आली.

काका गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर शिलाई मशीन दुरुस्त करत परळ-दादरभर फिरले. काकी घरी शिवण शिकवायच्या. माझा पहिला परकर त्यांनी चार वेळा उसवायला लावला होता, तो राग अजून आहे. तीन वर्षांपूर्वी काकी गेल्या, मग काकांचे गुडघेही गेले. तेव्हा काकांनी ठरवलं, आपल्याला ठाऊक आहे ते सगळं इंटरनेटवर ठेवायचं, लोकांनी वाचून आपली मशीन आपण दुरुस्त करावी. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची माहिती लिहिते, म्हणून ही वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. पट्टा घसरतो, सुई मोडते, मशीन जड चालते, प्रत्येक दुखण्याला एक पान. एकच पान काकींचं होतं, "दोरा गुंतला तर". आजारपणात त्या सांगत गेल्या आणि काकांनी वहीत जसंच्या तसं उतरवलं.

पानं झाली. मग काकांना प्रश्न पडला, कोणी येतं का?

मी उत्साहानं मोजणीची एक भारी सोय जोडली. माणूस कुठल्या गावचा, फोन कुठला, कुठून आला, सगळं दिसायचं. फक्त वेबसाइट उघडली की आधी परवानगी मागणारी पाटी यायची. ती बघून काकांचं मालवणी उसळलं.

"गणपतीक इलेल्या माणसाक दारात उभो करून सही घेतंस काय गो? काढ ता!"

मी ते काढलं आणि साधी मोजणी लावली. ती कोणाची ओळख ठेवत नाही. आज कुठल्या पानावर किती जण आले, एवढंच सांगते.

"म्हणजे चपला मोजणारी," काका खूश झाले. पाच मिनिटांनी फोन आला. "पल्लवी, सुई मोडतेवर तीन आलेत. कोण असतील?"

"ते कळत नाही, काका."

"कळायला नकोच." जरा थांबून, "पण शीव कोळीवाड्याचं माझं जुनं गिऱ्हाईक असेल काय?"

"काका, तुम्हीच म्हणालात ना, नाव विचारायचं नाही?"

"मी कुठे नाव विचारतोय? कोण आहे ते विचारतोय. एकदम सोप्पं आहे!"

असं महिनाभर चाललं. त्यांना नक्की काय हवंय ते मला कळेना, आणि मला वाटतं त्यांनाही कळत नव्हतं. काकींच्या पानावर रोज एकजण यायचा. रोज एकच, न चुकता. त्या एकाबद्दल काका कधीच काही विचारत नसत, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

मग मला शहाणपण सुचलं. काका दिवसभर स्वतःचीच वेबसाइट उघडून बसतात, तेही मोजलं जात असणार. मी म्हटलं, "काका, तुमचा फोन मोजणीतून वगळते. माझा कधीच वगळलाय."

काका फोनची काच पुसायला लागले. मीच पुढे म्हटलं, "घरच्या चपला धरायच्या नाहीत ना?"

"नाहीत," ते म्हणाले. स्वतःचाच नियम, मोडणार कसा?

दुसऱ्या दिवशी काकींच्या पानावर शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य. काकांचे फोन बंद झाले. सुई मोडतेवर सात जण आले, तरी फोन नाही. शनिवारी ते स्वतःच जिना उतरून आले, ते दुखरे गुडघे घेऊन, आणि फोन माझ्यापुढे धरला.

"माझी चप्पल परत मोजशील काय गो?"

मला काही उमगेना. "पण काका, मग आकडा खोटा होईल."

"खोटा कसा? मी पहिल्या पाळीवरून यायचो तेव्हा चारला ती मशीनवर बसलेली असायची. आता चारला मी तिचं पान उघडतो. वाचलं की बोलल्यासारखं वाटतं. मी रोज जातो, आणि तिथे शून्य लिहून येतं. म्हणजे तिच्याकडे कोणीच येत नाही काय?"

मला फार लाज वाटली. मी त्यांचा फोन पुन्हा मोजणीत घेतला. ते "बरं" म्हणाले, चहाला नको म्हणाले आणि कठडा धरून वर गेले.

ते गेल्यावर मी माझाही फोन मोजणीत घेतला. दुसऱ्या दिवशी चार वाजता काकींचं पान उघडलं. टाइप मीच केलं होतं, पण सलग कधी वाचलंच नव्हतं. "दोरा गुंतला की ओढू नका. ओढला की जास्त गुंततो. आधी मशीनवरचा पाय काढा, घोटभर पाणी प्या, मग बघा. आणि उसवायला लागलं तर रडायचं नाही, उसवणं पण शिवणच आहे." वाचताना मला रडू आलंच. परकराचा राग कुठच्या कुठे गेला.

सव्वाचारला काकांचा फोन.

"पल्लवी, तिच्याकडे आज दोन."

"हो?"

"दोन जोड," ते म्हणाले. मी वाट बघत राहिले, आता विचारतील, मग विचारतील.

दुसरं कोण, ते त्यांनी विचारलं नाही.