तव्याचं वल्हं

रविवारी चर्च सुटल्यावर एल्वा ट्रॅव्हर्सनं पायरीवर उभं राहून जाहीर केलं, की येत्या शनिवारी गावजेवणाला मासा तिचा. दुकानातला नव्हे, कुणाकडून मागून आणलेला नव्हे. आपल्या एकट्याच्या चिंचोळ्या होडीत, कयाकमध्ये, बसून आपल्या गळानं धरलेला. आणि मासा म्हणजे स्नेकहेड.

पायरीवरच्या माणसांनी नाकं मुरडली. डॉर्चेस्टरच्या पाणथळीत जेवणाच्या गोष्टीत स्नेकहेडचं नाव काढणं म्हणजे घुशीचं नाव काढण्यासारखं होतं. परमुलखातून कुणी तरी आणून सोडलेला हा मासा खाड्याखाड्यांतून असा फोफावला होता, की सरकारच सांगत होतं, दिसला की मारा आणि जमलं तर खा. मारायला सगळे तयार होते. खायचं म्हटलं की त्याचं ते सापासारखं डोकं आड येई. खरं तर हा आपल्या मरळीचाच भाऊबंद. आपल्याकडे तिच्या कालवणावर माणसं दोन भाकरी जास्त खातात. पण हे त्या गावाला सांगणार कोण?

सगळ्यांत मोठ्यानं हसला तो एल्वाचा सख्खा थोरला भाऊ, हार्लन. त्याचा सगळा जन्म खेकडे धरण्यात आणि कालवं काढण्यात गेलेला. बोट मोठी, आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. गोड्या पाण्यातला मासा त्यानं कधी तोंडाला लावला नव्हता, आणि बहिणीची कयाक म्हणजे त्याच्या लेखी घोड्याला पाणी पाजायची प्लॅस्टिकची डोणी.

"एल्वा," तो म्हणाला, "तू माशाला धरणार की मासा तुला, ते आधी ठरव. म्हणजे बटाटे किती उकडायचे ते आम्हांला कळेल."

एल्वानं ते हसण्यावारी नेलं. शाळेच्या मुदपाकखान्यात तिनं उभी हयात काढली होती. नाकं मुरडणाऱ्यांना जेवू घालायची तिला सवय होती. नवरा गेल्यावर लोकांनी तिला विणकाम सुचवलं, तर तिनं कयाक घेतली. चार बोटं पाण्यातही ती सुळकन निघून जायची. बैठकीच्या मागे एल्वाचा सगळा संसार बांधलेला असे: बर्फाची पेटी, लहानसा गॅस, बिडाचा तवा, तेलाची बाटली, मक्याचं पीठ आणि खेकड्यांचा मसाला. मासा जिथे धरला तिथेच काठावर तळून खायचा, हा तिचा नेम.

शनिवारी सकाळी भरती पुरी भरली असताना ती खाडीत शिरली. कमळपानांच्या कडेनं गळाला लावलेला रबरी बेडूक टाकायचा, तो टुणटुण उड्या मारत ओढून घ्यायचा आणि पानं हलली की श्वास रोखायचा. स्नेकहेड बेडकाला गिळत नाही, त्याच्यावर दरोडा घालतो. सकाळ कलायच्या आत पेटीत सहा मासे पडले. प्रत्येकाच्या टाळक्यात तिनं खेकडे फोडायच्या लाकडी हातोडीनं दोन नेमके घाव घातले होते. हा मासा जिवंत ठेवायचाच नाही, असा कायदाच आहे.

सातवा मात्र निराळा निघाला. तो मांडीएवढा जाड होता, आणि ओढ अशी की कयाक पुढे निघाली, मग वळली, मग एल्वाला पाठमोरी घेऊन चालली. ती मनात म्हणाली, शाबास रे गड्या, तुझ्याएवढी जिद्द आमच्या गावात असती तर! अखेर तिनं त्याला वर घेतला, दोन घाव घातले, आणि पेटीत मावेना म्हणून पायांशी ठेवला.

दोन घाव त्याला पुरले नव्हते. थोड्या वेळानं त्यानं डोळा उघडला, परिस्थिती पाहिली आणि शेपटीचा असा फटका दिला की वल्हं उडून पाण्यात पडलं. एल्वानं एका पायानं मासा दाबून धरला आणि हातोडी शोधली. मासा निपचित होईपर्यंत वल्हं ओहोटीच्या पाण्याबरोबर आपल्या वाटेनं निघालं होतं.

तिनं भाचीला, हार्लनच्या मुलीला, फोन लावला. कोरा, जास्तीचं वल्हं घेऊन पुलापाशी ये, एवढंच तिला सांगायचं होतं. पण पाणथळीत फोन धड लागत नाही. कोराला तुटक तुटक ऐकू आलं ते असं: "मासा... पायाला... सोडत नाही... गेलं..." आणि फोन बंद.

कोरानं आधी अग्निशमन दलाच्या पोरांना कळवलं आणि मग बापाला. हार्लन धक्क्यावर पिंजरे दुरुस्त करत होता. बहिणीचा पाय माशानं धरलाय आणि ती पाण्यात ओढली गेलीय, असं तो समजला. हातातला पिंजरा टाकून तो बोटीत चढला. दोरही त्यानं सोडला नाही, तोडला.

इकडे एल्वानं तवा बाहेर काढला आणि त्यानंच ती पाणी मारू लागली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बिडाचा तवा जड खरा, पण पाणी भरपूर उचलतो. वल्हं अगदी हाताशी आलं, आणि वळणावरून हार्लनची बोट गर्जना करत आली. तिनं तवा उंच करून थांब म्हणून खुणावलं. हार्लनला वाटलं, बुडता बुडता हात वर केलाय. त्यानं वेग आणखी वाढवला, तो थेट त्या वल्ह्यावरून. वल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि पुढच्याच क्षणी बोट चिखलात अशी रुतली, की हार्लन तोंडावर पडता पडता राहिला.

तो उठला. बहीण समोर, कोरडीठाक, हातात तवा.

"पाय?" त्यानं विचारलं.

"दोन्ही आहेत," एल्वा म्हणाली.

हार्लननं मग खाली पाहिलं. लहानपणापासून ज्या खाडीची नस न् नस त्याला ठाऊक होती, तिच्यातच तो ओहोटीच्या वेळी मोठी बोट घालून बसला होता. पाणी उतरतच होतं. बोट आता दुपारच्या भरतीशिवाय हलणार नव्हती, चिखल कमरेएवढा होता, आणि गोमाशांना बातमी लागली होती.  पण त्याची नजर बोटीकडे नव्हे, पुन्हा पुन्हा बहिणीच्या पायांकडेच जात होती, हे एल्वाला दिसलं. एरवी तिनं त्याला सोलून काढला असता. आज तिनं कयाक बोटीला बांधली, वर चढली आणि इंजिनाच्या पेटीवर गॅस मांडला.

पहिला तुकडा तिनं पुढे केला तेव्हा हार्लननं मान फिरवली. दुसरा तळताना त्याचा वास त्याच्याभोवती फिरू लागला. सकाळपासून त्याच्या पोटात फक्त कॉफी होती. तिसरा तुकडा तिनं त्याच्या शेजारी नुसता ठेवला आणि ती पाणथळीतले बगळे बघत बसली. वळून पाहिलं तर तुकडा नव्हता.

तेवढ्यात अग्निशमन दलाचे तिघे सपाट तळाची होडी घेऊन आले. दोर, स्ट्रेचर, सगळा जामानिमा. त्यांनी हार्लनला घरी नेतो म्हटलं. बोट सोडून जाणारा माणूस मी नव्हे, असं त्यानं तोंड भरलेलं असताना सांगितलं. त्यांनी त्याच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. एल्वानं पेटी उघडली.

भरती आली तेव्हा सातव्या माशाचाही फक्त काटा उरला होता.

संध्याकाळी चर्चच्या दालनात एल्वा रिकामा तवा घेऊन शिरली. टेबलांवर उकडलेले बटाटे होते, मक्याचे पाव होते आणि मधोमध माशासाठी ठेवलेली मोकळी जागा होती. मासा कुठाय, असं कुणी तरी विचारलं. कुणी तरी म्हटलं, बरं झालं, आम्हांला तो साप खावा लागला नाही.

हार्लन उभा राहिला. त्यानं टोपी काढली, जी तो फक्त प्रार्थनेला आणि अंत्यविधीला काढायचा. आणि सगळ्या गावासमोर त्यानं सांगितलं, की आज आपण बोट चिखलात घातली, बहिणीचं वल्हं मोडलं, आणि तिच्याच हातचं खाऊन दुपार काढली. "तव्यानं खाडी वल्हवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. "आणि इतका चांगला मासा मी आजवर खाल्ला नव्हता. तुमचा वाटासुद्धा मीच खाल्लाय."

 मग एक जण म्हणाला, पुढच्या शनिवारी मलाही खाडीत ने, एल्वा. मग आणखी एक. एल्वाचे डोळे भरून आले. हार्लनच्या तोंडातून एक बरा शब्द निघावा म्हणून ती फ्रॉक घालायची तेव्हापासून वाट बघत होती.

हार्लन खाली बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या कानाशी वाकला.

"मीठ जरा जास्त झालं होतं," तो म्हणाला.

एल्वानं टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. पण खोटं कशाला बोला, झालंच होतं.