रावसाहेबांची नवी टाकी

वाफारेकाकांनी रावसाहेबांना नव्या टाकीत हलवलं तेव्हा त्यांच्या मनात काहीच वाईट नव्हतं. रावसाहेब म्हणजे तळहाताएवढा नारिंगी गोल्डफिश. नाव काकूंनी ठेवलेलं, कारण ते कोणाच्याही हाकेला वळत नसत. काकू जाऊन तीन महिने झाले होते आणि घरात श्वास घेणारे आता हे दोघंच उरले होते. त्यातल्या एकाची टाकी जुनी, शेवाळलेली, एका कोपऱ्यातून झिरपणारी. काकांना ते बघवेना. त्यांनी दुप्पट मोठी, लख्ख काचेची टाकी आणली.

काकांचं खरं आडनाव वेगळं होतं. चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक केली, म्हणून सगळे त्यांना वाफारे म्हणत. निवृत्तीच्या समारंभात मोठ्या डॉक्टरांनी भाषणातही तेच आडनाव घेतलं आणि कोणालाच काही खटकलं नाही, काकांनासुद्धा. घरीही त्यांचा खाक्या तोच. चमचे उकळायचे, कंगवे उकळायचे. काकू सांगायच्या, हे मला उकळत नाहीत ते केवळ तेवढं मोठं पातेलं नाही म्हणून.

टाकीवर मात्र काकूंचं राज्य होतं, आणि काकांच्या मते तिथला कारभार भयंकर होता. महिन्यातून एकदा त्या फिल्टरमधला स्पंज काढायच्या, टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात दोनदा पिळायच्या आणि तसाच काळपट, बुळबुळीत परत बसवायच्या. नळाखाली कधीच धरायच्या नाहीत. काका म्हणत, घाण पाण्यात धुऊन काय स्वच्छ होणार. काकू म्हणत, तुम्ही तुमच्या कात्र्या बघा. या स्पंजावरून सहा वर्षं भांडण चाललं आणि काका एकदाही जिंकले नाहीत. आता समोर कोणी नव्हतं, तेव्हा ते बिनविरोध जिंकले.

त्यांनी खडे उकळले. जुना स्पंज दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकला, नवा पांढराशुभ्र आणला आणि तोही उकळला. पाणी उकळून गार केलं. टाकीत एखादं ऑपरेशन करता आलं असतं, इतकी ती स्वच्छ झाली. मग रावसाहेबांना आत सोडलं आणि माणूस गेल्याचं त्यांनाही वाईट वाटत असेल म्हणून दाणे दुप्पट टाकले.

पाचव्या दिवशी रावसाहेब वर येऊन हवा गिळू लागले. कल्ले लाल झाले होते. काकांनी निदान केलं की स्वच्छता कमी पडली. त्यांनी सगळं पाणी काढलं आणि खड्यांपासून स्पंजापर्यंत सगळं पुन्हा उकळलं. दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. रावसाहेब खाईनात, तेव्हा काकांनी भारीतले दाणे आणले आणि ते तळाशी कुजत पडले. मुलीने फोनवर सुचवलं, बाबा, दुसरा मासा आणा. काकांनी फोन ठेवून दिला. तिने ते काळजीनेच म्हटलं होतं, पण आईच्या हाताला ओळखणारा दुसरा मासा कुठल्या दुकानात मिळतो, हे तिला विचारायचं त्यांना सुचलं नाही.

शेवटी ते बाटलीत टाकीचं पाणी भरून माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने काचेच्या नळीत पाणी घेऊन वर थेंब टाकले. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया, असं त्याने सांगितलं. पाणी गडद हिरवं झालं. काय काय केलंत, असं त्याने विचारलं आणि काकांनी अभिमानाने सगळं सांगितलं. ऐकताना दुकानदाराने चष्मा काढून ठेवला.

"काका, मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच बाकीचं उरकतो. त्याचाच अमोनिया होतो. तो संपवणारे जंतू त्या काळ्या स्पंजात राहतात. तुम्ही दर वेळी त्यांचं अख्खं गाव उकळताय."

"जंतू?"

"चांगले जंतू."

हे दोन शब्द काकांनी चौतीस वर्षांत शेजारी शेजारी ऐकले नव्हते.

दाणे बंद ठेवा, रोज फक्त चौथा हिस्सा पाणी बदला, असं दुकानदार म्हणाला. नवे जंतू आपोआप तयार व्हायला महिना लागतो, पण या माशाकडे महिना दिसत नाही. कोणाच्या तरी चालू टाकीतला मळका स्पंज मिळवा. माझा दिला असता, पण माझ्या टाक्यांत सध्या रोग आहे.

काका बाटली घेऊन रस्त्यावर आले. स्पंज मळका ठेवणारी आपली बायको आळशी नव्हती, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. काकू गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी तिचा स्वेटर, उशीचे अभ्रे, सगळं गरम पाण्यात धुऊन काढलं होतं. दुःखात माणूस हाताच्या सवयीचं काम करतो. नंतर एका संध्याकाळी त्यांनी स्वेटर नाकाशी धरला तर नुसता साबणाचा वास आला. आपल्या हातून काहीतरी गेलं, हे तेव्हाच कळलं होतं. आता तोच हात रावसाहेबांवर फिरला होता. भर रस्त्यात त्यांना रडू आलं.

जिन्यात तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई भेटल्या. बाटली पाहून त्यांनी विचारलं आणि काकांनी सांगितलं की त्यांना थोडी घाण हवी आहे. बाई गडबडल्या.

"रागावणार नसाल तर सांगते. माझे मासे मरत होते तेव्हा काकूंनी त्यांचा स्पंज कापून अर्धा मला दिला. दोन वर्षं झाली. म्हणाल्या, ह्यांना कळू देऊ नका, खाली येऊन उकळतील."

बाईंनी कापड कापायच्या कात्रीने त्या अर्ध्याचा अर्धा कापला. तो काळाकुट्ट तुकडा काकांनी टाकीच्या पाण्यासकट वाडग्यात घेतला आणि दोन्ही हातांनी धरून दोन मजले चढले. घरात शिरल्यावर पाय सवयीने मोरीकडे वळले, ते त्यांनी टाकीकडे वळवले आणि तुकडा तसाच फिल्टरमध्ये बसवला.

काका रोज बाटलीभर पाणी दुकानात तपासून आणत. आठवडाभर नळी हिरवीच राहिली, मग पोपटी झाली आणि अठराव्या दिवशी पिवळी. शेपटीची कड तेवढी झिजली, ती कायमची. तब्येत सुधारल्याची खूण म्हणून रावसाहेबांनी काकांकडे पाठ फिरवली.

पुढच्या महिन्यात मुलगी आली. बापाचीच लेक ती. टाकीत काळं काहीतरी दिसताच तिने बाह्या सरसावल्या आणि तुकडा काढून मोरी गाठली. नळाचा आवाज ऐकून काका धावत आले आणि त्यांनी नळ बंद केला.

"बाबा, किती घाण आहे ही."

"तुझ्या आईची आहे," काका म्हणाले. "तेवढीच उरली."

तुकडा अजून तिच्या हातातच होता, नळाखाली गेला नव्हता. तिने तो हळूच छातीशी घेतला, कपडे खराब झाले तरी. काकांनी टाकीतलं पाणी बादलीत काढून तिच्यापुढे ठेवलं आणि दोनदाच पिळायचं, असं बजावलं. तिने दोनदाच पिळला.

"जाताना अर्धा घेऊन जा," ते म्हणाले.

"पण माझ्याकडे टाकी कुठाय?"

"मग आणू या. उकळू मात्र नकोस."