दिव्यातले दादासाहेब

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी जनार्दनराव शिर्क्यांनी दांडिया बाजारातून गाडी डावीकडे वळवली आणि हॉर्न आपोआप वाजला. साधासुधा नव्हे, चांगला लांबलचक आणि रागावल्यासारखा. जनार्दनरावांचे हात स्टिअरिंगच्या कडेला होते आणि अंगठे वर होते, हे शेजारी बसलेल्या मृदुलाबाईंनी डोळ्यांनी पाहिले. चाक सरळ झाले तसा आवाज थांबला आणि समोर वेगाच्या काट्यांच्या शेजारी एक लाल दिवा लागला.

दिव्यात एक माणूस बसलेला होता. पाठ टेकलेली, पाय पुढे, आणि पोटावर भला मोठा गोळा. मृदुलाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "हे आपले दादासाहेब."

दादासाहेब म्हणजे दत्ताजीराव, जनार्दनरावांचे थोरले बंधू; पोट असेच पुढे आलेले. गाडी त्यांचीच. गेल्या दिवाळीत ते गेले. दवाखान्यात त्यांनी धाकट्याचा हात धरून एवढेच सांगितले होते की गाडी विकू नकोस, आणि जनार्दनरावांनी मान डोलावली होती. वर्षभर गाडी दारात उभी राहिली. गेलेल्या माणसाची वस्तू अशी रोज डोळ्यांसमोर नको, असे मृदुलाबाई म्हणू लागल्या, आणि जनार्दनरावांची मान तिथेही डोलली. आत्ता दोघे निघाले होते ते मांजलपूरला, राजवर्धन नावाच्या गिऱ्हाइकाला गाडी दाखवायला. मांजलपूर डावीकडे.

ते तिथूनच परतले. परतताना गाडी उजवीकडे वळली, तेव्हा हॉर्न अगदी गप्प होता. राजवर्धनला फोनवर सांगितले की रविवारी गाडी घेऊनच येतो.

पुढचे तीन दिवस शिर्के कुटुंबाने डावी बाजू सोडून दिली. तीन उजवी वळणे घेतली की एक डावे होते, हा शोध जनार्दनरावांना सदुसष्टाव्या वर्षी लागला. पाच मिनिटांवरच्या देवळात जायला अर्धा तास लागू लागला. शेजारचे गोविंदराव ओट्यावर बसलेले असत. त्यांनी विचारलेच, की सकाळपासून तुम्ही चौथ्यांदा इथून जाताय, काही हरवलंय का. मृदुलाबाईंनी दादासाहेबांच्या आवडीच्या बासुंदीची वाटी दिव्यासमोर ठेवली आणि हात जोडले. दिवा काही विझला नाही. भरदुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, तो लाल माणूस पोट पुढे काढून नुसता बसून राही. भुतांवर जनार्दनरावांचा विश्वास नव्हता, पण दादावर होता, आणि दादा त्याला दिलेला शब्द विसरणाऱ्यातला नव्हता.

शनिवारी त्यांनी उजवीकडून उजवीकडे वळत गाडी किरीटभाईंच्या गॅरेजात नेली. मालकच मेकॅनिक, तीस वर्षांचा अनुभव. त्यांनी दिवा पाहिला, बॅटरीची वायर काढली आणि बोट वर केले.

"काका, पंधरा मिनिट कोई हात नाय लावायचा. बॅटरी काढली तरी अंदर करंट बाकी रहे छे. एअरबॅगचा फुगा सुटला तर सीधा तोंडावर."

एवढे बोलून ते चहाला गेले. जनार्दनराव डावीकडच्या सीटवर बसून राहिले. शेडमध्ये दुपारची सामसूम होती. दिवा आता विझला होता, तरी स्टिअरिंगमागच्या काळ्या काचेत एक माणूस बसलेला दिसत होताच. पोटही तेच. जनार्दनरावांनी घाम पुसायला हात उचलला, तर त्यानेही उचलला. आपलेही पोट शिर्क्यांचेच आहे हे त्या घटकेला त्यांना आठवले नाही.

"दादा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नाही विकत. आईशप्पथ नाही विकत."

स्टिअरिंगच्या आत काहीतरी टक् करून वाजले. जनार्दनराव बाहेर आले ते थेट चहाच्या टपरीवर जाऊन थांबले.

किरीटभाईंनी स्टिअरिंगवरचा फुग्याचा डबा जपून सोडवला आणि तोंड वर करून फळीवर ठेवला. मग आत टॉर्च मारला. आत तांदूळ होते. कुंकू होते, झेंडूची एक पाकळी होती, आणि सगळ्यावर वाळलेल्या दुधाची साय होती.

"काका," ते म्हणाले, "आ गाडी छे के देवघर?"

शिर्क्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. त्यांची तलवार अजून घरात आहे आणि खंडेनवमीला तिची पूजा होते. तलवार मुठीशी पुजतात, तर गाडीची मूठ म्हणजे स्टिअरिंग, असा दत्ताजीरावांचा सिद्धांत. ते दर वर्षी तिथे कुंकवाचे एक बोट लावत. यंदा पूजा जनार्दनरावांकडे आली, आणि गाडी विकायचे तर आधीच ठरलेले. मनाला टोचणी लागलेल्या माणसाचा हात सढळ असतो. त्यांनी अक्षता उधळून अख्खा तांब्याभर पंचामृत मुठीवर ओतले.

स्टिअरिंगच्या आत फुग्याला करंट नेणारी पट्टीची केबल खांडवीसारखी, म्हणजे सुरळीच्या वडीसारखी, गुंडाळलेली असते. ती चिकटून तुटली होती, आणि डावीकडे वळताच हॉर्नची उघडी पडलेली तार लोखंडाला टेकत होती. किरीटभाईंनी सगळे पुसून नवी केबल बसवली. हॉर्न सोडा, म्हणाले, गाडी कुठे धडकली असती तर हा फुगा उघडलाच नसता. दिवा तेच सांगत होता. आता गाडी सुरू करताना तो थोडे सेकंद लागेल आणि आपोआप विझेल, तेव्हा घाबरू नका. आणि मूठ पुजा, पण कोरडी.

जनार्दनरावांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना स्वतःचाच राग आला. शपथ घेतली ती कुणापुढे, तर तांदळापुढे. असली शपथ कोण पाळतो? घरी येऊन त्यांनी मृदुलाबाईंना सगळे सांगितले, शपथेचे तेवढे सोडून.

रविवारी दोघे मांजलपूरला निघाले. चावी फिरवली तसे दादासाहेब दिव्यात आले, क्षणभर बसले आणि निघून गेले. दांडिया बाजाराचे वळण आले. जनार्दनरावांनी चाक डावीकडे फिरवले आणि कान टवकारले.

हॉर्न वाजला नाही. दादा आता रागावणारसुद्धा नाही, हे त्यांना पहिल्यांदाच कळले, आणि वर्षभर न आलेले रडू गळ्याशी आले. त्यांचा अंगठा खाली सरकला. हॉर्न वाजला, लांबलचक.

मृदुलाबाई समोर बघत होत्या.

"ऐकत नाहीत हो दादा," जनार्दनराव कसेबसे म्हणाले. "काय करायचं?"

"करायचं काय? राजवर्धनला फोन करा. येत नाही म्हणावं." मृदुलाबाईंनी पदराने डोळे टिपले. "आणि आता अंगठा उचला, लोक बघताहेत."